आवाज येऊन राहिला का?

गफ्फारभाईंचा फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरत असे. उभं आयुष्य मंडप आणि लाऊडस्पीकरच्या धंद्यात काढलेल्या या माणसाचा मोबाईलवर काडीचा विश्वास नव्हता. अकोटहून अमरावतीला आवाज पोचवायचा तर तो आपणच जोर लावून ढकलला पाहिजे, अशी त्यांची पक्की समजूत. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य ठरलेलं : "ताई, आवाज येऊन राहिला का?" त्या सकाळी स्क्रीनवर त्यांचं नाव आलं, मी सवयीनं फोन लांब धरला, आणि पलीकडून काहीच ऐकू येईना. मग तो कानाशी नेला, घट्ट दाबून धरला. त्यांची मुलगी नसरीन होती. "काकू... अब्बा गेले," ती म्हणाली. पहाटे नमाजाला उठले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलंसुद्धा. कुठल्याही कार्यक्रमाचा शेवट ज्यांना कधी आटोपता घेता आला नाही, त्या गफ्फारभाईंनी स्वतःचा एवढ्या झटपट उरकावा याचा मला आधी राग आला. रडू नंतर आलं.

आमची ओळख अकोल्याच्या एका शिबिरातली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रांग लागली होती. माझा ओंकार स्वमग्न आहे. गर्दी आणि गोंगाट त्याला सोसत नाही, म्हणून मी त्याला घेऊन भिंतीकडेला उभी होते. आणि पुढं एक उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा गृहस्थ, कुणी सांगितलेलं नसताना, रांगेचं संचालन करत होता. "सर्व सन्माननीय पालकांना नम्र विनंती की त्यांनी एकामागे एक उभे राहावे!" घरात उर्दू, आमच्याशी वऱ्हाडी आणि घोषणा करायची झाली की एकदम छापील मराठी, असा त्यांचा हिशेब होता. ओंकारनं कानांवर हात घेतले होते. नसरीनचा नंबर आला. तिला डाऊन सिंड्रोम आहे. शिबिराच्या वेळी ती तिशीच्या आसपास असेल. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, गफ्फारभाईंनी सांगितलं. काय आवडतं विचारलं, तेही त्यांनीच सांगितलं. कुठं दुखतं का? "काईच दुखत नाई साहेब, एकदम फर्स्ट क्लास हाये." नसरीन या सगळ्या वेळात उजवा गाल धरून उभी होती. दाढ ठणकत होती तिची.

पुढं आम्ही अकोला-अमरावतीच्या पालकांनी मिळून एक गट केला. टाळेबंदी उठल्यावर पुण्याची एक संस्था आमच्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग घ्यायला तयार झाली. मुलं म्हणायची, पण सगळी मिसरूड फुटलेली, लग्नाच्या वयाची. आपलं म्हणणं आपण मांडायचं, नको असेल ते नको म्हणायचं, आणि हे जमलं की आपल्यासारख्या दुसऱ्यांना शिकवायचं, असा तो अभ्यासक्रम. पालकांनाही त्यात धडे होते, मुख्यतः गप्प बसण्याचे. शिकवणाऱ्या मॅडम संस्था देणार, पण फोन आणि इंटरनेट ज्याचं त्यानं पाहायचं. आणि नेमकी ती वर्षं अशी की कुणाच्याच घरी काही शिल्लक राहत नव्हतं. बोंडअळी आली की लग्नं आखडायची, लग्नं आखडली की मंडपवाला बसायचा. "अळी लागते कपाशीले, अन् खुर्च्या रिकाम्या राह्यतेत माह्या," गफ्फारभाई म्हणायचे. पण वर्गाचं ऐकल्याबरोबर त्यांनी छातीवर हात मारला. "नेटची जिम्मेदारी माही, ताई. तुमी फकस्त क्लास चालू करा."

त्यांना एकच युक्ती ठाऊक होती, आणि ती वऱ्हाडात सहसा वाया जात नाही. आमच्याकडं लग्नात आहेर देणाऱ्याचं नाव, 'अमक्यांकडून अमुक' असं, माईकवर पुकारलं जातं. नुसतं पाकीट दिलं तर माणूस जेवून निघून जातो, पण नाव पुकारणार असतील तर तो मांडवाच्या खांबाला धरून वाट पाहत थांबतो. गफ्फारभाई बाजारभर फिरले आणि सगळ्यांना सांगत सुटले, की तुमचं नाव ऑनलाइन पुकारू, पुऱ्या दुनियेत जाईल. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी नेटचा खर्च उचलला. मोबाईल दुकानदारानं वापरलेले फोन दिले. रोख नव्हती म्हणून एका शेतकऱ्यानं तुरीचं पोतं दिलं, त्याचे रिचार्ज झाले. एका चहावाल्यानं सगळ्या वर्गाला चहा देऊ केला. वर्ग ऑनलाइन आहे, हे त्याला सांगून पाहिलं, तो म्हणाला, "मंग काय झालं? ऑनलाइनवाले चहा पेत नाईत का?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्या रविवारी मी ओंकारला घेऊन फोनसमोर बसले. एकेक चेहरा दिसू लागला, आणि अकोटच्या चौकटीत दिसला चक्क मांडव. झालर, रांगेत खुर्च्या, खुर्च्यांवर फेटे-टोप्या घातलेली माणसं. देणगीदार आपलं नाव ऐकायला सहकुटुंब आले होते. फोन टेबलावर, फोनपुढं लाल रुमाल गुंडाळलेला माईक, आणि तो जोडलेला अंगणातल्या दोन भोंग्यांना. बाजाराच्या वाटेवरचं प्रत्येक माणूस आमचा वर्ग ऐकत होतं. "हॅलो, हॅलो... आवाज येऊन राहिला का?" मॅडम हो म्हणाल्या, हीच त्यांची चूक. पुढं बराच वेळ आहेरवाचन चाललं. चहावाल्याच्या नावाला तर पुस्तीही होती : "चहाची व्यवस्था फक्त अकोट येथील मंडळींकरिता आहे, याची बाहेरगावच्यांनी कृपया नोंद घ्यावी." मॅडम मधूनच "सर... सर..." करत होत्या, पण भोंग्यापुढं पुण्याचं काय चालणार? शेवटी त्यांना संधी मिळाली. पहिला धडा सोपा होता, प्रत्येकानं आपल्याला न आवडणारी एक गोष्ट सांगायची. ओंकार बोलत नाही, टाईप करतो. त्यानं लिहिलं : भाषण.

मग नसरीनची पाळी आली. गफ्फारभाईंनी लगेच माईक ओढला, "हिले कारलं आवडत नाई." नसरीननं तो माईक त्यांच्या हातून काढून घेतला. दोन्ही हातांनी धरला, अगदी ओठांना लावून. "मले... अब्बा माह्या बदल्यात बोलतेत, थे आवडत नाई." भोंग्यांतून ते वाक्य बाजारापर्यंत गेलं आणि घुमून परत आलं. शेठजींना हसू आवरेना, त्यांनी उपरणं तोंडात कोंबलं. गफ्फारभाईंचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हे वायर उपटतात आणि आमच्या वर्गाचा पहिल्याच दिवशी निकाल लागतो. पण त्यांनी घसा साफ केला, मुलीच्या हातातल्या माईकपाशी वाकले आणि म्हणाले, "आत्ताच सन्माननीय नसरीनबाईंनी आपले परखड विचार मांडले. त्याबद्दल आयोजकांच्या वतीने आभार." आणि जाऊन शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले.

त्यानंतर त्यांनी माझा फोनच घेतला नाही. आठवडा संपता संपता त्यांचाच आला. "तुमच्या क्लासनं माही पोरगी बिघडवली, ताई. काल मले म्हणते, चहात साखर मी टाकीन, तुमी सांगू नका किती." मी गप्प राहिले, पालकांच्या धड्याप्रमाणे. तिकडून मोठा सुस्कारा आला. "...पुढचा क्लास कवा हाये?"

अभ्यासक्रमाच्या शेवटी ज्यानं त्यानं स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट घरच्यांपुढं मांडायची होती. नसरीन म्हणाली, "मले नागपूरले जायचं नाई." हे मला नवीन होतं. तिची आई गेली तेव्हा गफ्फारभाई आणि नागपूरचे मामू यांनी आपसात ठरवून टाकलं होतं, की गफ्फारभाईंच्या मागं नसरीननं मामूंकडं जायचं. मामू चांगला माणूस, घर मोठं, कुणाच्या मनात खोट नव्हती. फक्त नसरीनला कुणी विचारलं नव्हतं. तिचं सगळं जग अकोटात होतं. बाजूच्याच खोलीत गफ्फारभाईंचा पुतण्या अस्लम आणि त्याची बायको. आणि मांडव उतरला की खुर्च्या मोजून घ्यायचं काम तिचं, त्यात ती बापाचीही गय करत नसे.

"आता काय करू, ताई? मी शबद देऊन बसलो," फोनवर गफ्फारभाई म्हणाले.

"कुणाला?"

"तिच्या मामूले."

"आणि तिला?"

पलीकडं काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की शेवटी मीच विचारलं, "गफ्फारभाई, आवाज येऊन राहिला का?"

"येऊन राहिला," ते हळूच म्हणाले. इतक्या हळू त्यांना बोलता येतं हे मला पहिल्यांदाच कळलं. "मी हावो तोवर मी सांभाळीन मामूले. पण माह्या मागं? समदे मोठे लोकं बसलेले राह्यतीन, थ्यांच्यापुढं हे पोरगी बोलन का?"

मॅडम म्हणाल्या, सराव करा. सराव म्हणजे गफ्फारभाईंच्या दृष्टीनं नाटक, आणि नाटकात मामू दुसरा कोण होणार? मामूंसारखी काळी टोपी त्यांनी विकत आणली. गालात पान असल्यासारखं तोंड करायचं आणि खाकरून म्हणायचं, "चल बेटी, सामान बाँध. इधर कौन है तेरा?" पहिल्या दिवशी नसरीन हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं खरोखरच पिशवी भरायला घेतली. ते पाहून गफ्फारभाई टोपी काढून भिंतीकडं तोंड करून बसले, असं अस्लमच्या बायकोनं मला सांगितलं. पण त्यांनी सोडलं नाही. रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर तालीम. दिवसेंदिवस मामू अधिकाधिक दुष्ट होत गेले. बिचाऱ्या खऱ्या मामूंना याचा पत्ताही नव्हता. आणि एका संध्याकाळी फोन आला, तो हातभर लांब धरूनही शेजाऱ्यांना ऐकू गेला असेल. "ताई! चप्पल फेकून मारली! मामूले!"

"तुम्हाला लागली का?"

"लागली ना, जोरात! अल्हम्दुलिल्लाह!"

मॅडमनी नंतर चपलेचा भाग वगळायला लावला.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी दर्यापूरमार्गे अकोटला पोचले. अंगणात त्यांच्याच खुर्च्या मांडलेल्या होत्या. ते नसताना त्या खुर्च्यांवर बसायचं मला जड गेलं. बायका आत, मी दाराशी नसरीनजवळ. मामू बाहेरच्या खोलीत मोठ्या माणसांत बसले होते, डोळे रडून सुजलेले. थोड्या वेळानं ते उठून दारापाशी आले, खाकरले, नसरीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल बेटी, सामान बाँध. इधर कौन है तेरा?"

एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी आधी नसरीनच्या पायांकडं पाहिलं. चपला बाहेर होत्या, हायसं वाटलं. मग वर पाहिलं तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही हसतेय... अब्बांचं वाक्य मामूंच्या तोंडून ऐकून तिला हसू फुटलं होतं. अस्लम पुढं झाला, "मामू, बात ऐसी है..." नसरीननं त्याला हातानं अडवलं. "अस्लमभाई, मैं बोल री. मामू, मैं नै आती. मेरा घर इधर है. ईद कू आऊँगी." थोडं थांबून तिनं कारणही दिलं : "खुर्सियाँ कौन गिनेगा?"

मामूंनी खोलीभर नजर फिरवली. "किसने सिखाया इसकू?" कोपऱ्यात माईकचा स्टँड उभा होता, आणि त्याच्यावर मामूंसारखीच काळी टोपी टांगलेली होती. मामूंनी त्या टोपीकडं पाहिलं, नकळत आपल्या डोक्यावरची चाचपली, आणि खाली बसले. "ठीक है बेटी," ते म्हणाले. "ईद कू आना. पक्का."

गेल्या रविवारी आमची नवी तुकडी सुरू झाली. या वेळी मॅडमबरोबर नसरीनही शिकवणार आहे. धारणीकडच्या गावांतलीही मुलं आहेत, नेटसाठी पुन्हा देणगीदार शोधले आहेत, आणि मॅडमनी स्वतःच सुचवलं, की सुरुवातीला नावं पुकारायची पद्धत आपण ठेवू या. अकोटच्या चौकटीत मांडव नव्हता, भोंगेही नव्हते. पण लाल रुमाल गुंडाळलेला तो माईक होता, कशालाही न जोडलेला. नसरीननं तो दोन्ही हातांनी धरला आणि पाठ केलेली नावं एकेक करून पुकारली. जिनिंगवाले शेठजी, मोबाईल दुकानदार, चहावाला, चहा फक्त अकोटकरांना. मग ती थांबली. मला वाटलं, झालं. तिनं माईक ओठांपाशी आणखी ओढला.

"गफ्फारभाई मंडपवाले, अकोट," ती म्हणाली. "यांच्याकडून... मी."

मॅडमनी चष्मा काढला. नसरीन वाट पाहत होती, आणि उत्तर येत नाही असं पाहून तिनं जरा काळजीनं विचारलं, "हॅलो... आवाज येऊन राहिला का?"

माझ्या शेजारी ओंकारनं कानांवरचे हात काढले आणि टाईप केलं : येतो.