हेकरूची शिकार

योगीराजनं ओसरीवर मोबाइल पुढं केला आणि रजेवर घरी आलेल्या दैवशालाचा चहा बशीत सांडला. फोटोत तो लक्षद्वीपच्या होडीत हसत उभा होता. हातात भलामोठा हेकरू मासा लोंबत होता, डोक्यात भाल्याचं भोक. कल्ल्यामागचा पांढरा व्रण तिनं लगेच ओळखला.

ईट गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली दैवशाला तिकडं बेटावर प्रवाळातल्या शिकारी माशांचा अभ्यास करायची. हा हेकरू तिचा लाडका. एखादा छोटा मासा कपारीत दडला, की जाडजूड हेकरूला आत शिरता यायचं नाही. मग तो वामीच्या बिळापुढं जाऊन डोकं थरथरवायचा. सापासारखी लांब वाम बाहेर यायची, त्याच्यामागं जायची आणि कपारीत घुसायची. छोटा मासा घाबरून बाहेर पळाला तर हेकरूचा, आतच अडकला तर वामीचा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाण्याखालीच ओरडली होती.

कळंबचा हा मावसभाऊ योगीराज बेटावर फिरायला आला, तेव्हा तिनंच त्याला हौसेनं ती जागा दाखवली. तो परतल्यावर हेकरू दिसेनासा झाला. जागा बदलली असेल, असं समजून ती शोधत राहिली होती.

"दादा, हा कुठं मारलास?"

"तूच दाखविलेल्या जागी की! एका होडीवाल्याकडं भाला हुता. लई सोपं गेलं बघ. पळालाच न्हाय, उलट जवळ आला."

"माणूस त्रास देत न्हाय, एवढंच त्याला ठावं होतं. म्हणून आला जवळ!"

"अगं, मासाच तो. खातोच की आपण."

"खाल्लास?"

योगीराज जरा चाचरला. "न्हाय. फोटो काढला अन् दिला टाकून पाण्यात."

दैवशाला ताडकन उठली. "ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ हितनं."

"पोरी, पाव्हणा हाय तो," वडील, ज्ञानोबा, म्हणाले.

"अप्पा, तुम्ही मधी पडू नका! भरवशानं मी ह्याला तिथं नेलं. ह्यानं मजेखातर जीव घेतला, अन् वर मिरवायलाबी माझ्याच दारात आला!"

ज्ञानोबांनी मोबाइल घेतला. फोटो बराच वेळ पाहिला आणि योगीराजच्या हातात परत दिला.

"जा तू आता," ते म्हणाले. "जेवायला थांबू नको."

रजा संपवून दैवशाला बेटावर परतली. वाम त्याच बिळात होती. काही दिवसांनी एक लहानसा हेकरू तिथं आला, डोकं थरथरवू लागला. वाम हलली नाही. तो गेला, पुन्हा आला. तेव्हा कुठं ती बाहेर सरकली.

दैवशाला लांबूनच बघत राहिली. वर आल्यावर होडीतल्या पर्यटकांनी "खाली काय आहे?" म्हणून विचारलं, तर "काही नाही" एवढंच तुटक बोलली. योगीराजचे फोन अजून येतात. ती उचलत नाही.