ताश म्हणजे ताश

बुरुलचाबाईंचा हट्ट साऱ्या गावाला ठाऊक होता: जिपार शिकेल तर याच शाळेत. आठ वर्षांची ही पोर शब्दाचा सरळ अर्थ तेवढाच धरून चालायची आणि घंटा वाजली की कान दाबून टेबलाखाली शिरायची. बाईंनी घंटाच बंद केली. पोरीला शेगडीजवळ बसवलं, गणितं फळ्यावरून उतरवून नदीतल्या गोट्यांवर आणली. तरी मोजणीपाशी घोडं पेंड खात होतं. आणि आज जिल्ह्याची तपासनीस येऊन बसलेली. पोरीला मोजता आलं नाही तर तिची रवानगी दूर शहरातल्या वसतिशाळेत, आईपासून घाटांपलीकडे.

नारीनच्या डोंगराळ मुलखात दगडाला ताश म्हणतात. पण बाईंच्या सासऱ्यांचं नाव पडलं ताशतान, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव सोडाच, नावातला शब्दही तोंडातून काढायचा नाही. म्हणून लग्न झाल्यापासून बाई दगडाला ‘कडक’ म्हणत. गावच्या पोरांच्या ते अंगवळणी पडलेलं. सासरे शाळेतच शेगडी सांभाळत. आत्ताही तिथेच कोळसा सारत होते.

“जिपार, पाच कडक दे.”

जिपारनं गोट्यांकडे पाहिलं, मग खिशात हात घातला. एकेक करून कुरुत टेबलावर मांडले, वाळवलेल्या दह्याचे टणक गोळे, सकाळी म्हाताऱ्या सासऱ्यांनीच वर्गात वाटलेले. वर्ग खो खो हसला.

“बघा! दगड मागितले तर खाऊ काढते,” तपासनीस म्हणाली. “बाई, सोडा आता हट्ट.”

बाई गोळ्यांकडे बघत राहिल्या. बरोबर पाच होते. कडक मागितलं, पोरीनं कडक दिलं. एवढे दिवस खोट पोरीच्या डोक्यात नव्हती, आपल्या जिभेवर होती! बाईंना स्वतःचा भयंकर राग आला.

त्यांनी सासऱ्यांकडे पाठ केली. “जिपार, सात... ताश दे,” त्या पुटपुटल्या.

जिपार हललीच नाही. पुटपुटण्यातला शब्द तिला कळलाच नव्हता.

“घशात काय अडकलंय, सूनबाई?” मागून म्हातारा गुरगुरला. “मोठ्यानं बोल की! नाव माझं आहे, मला काही टोचत नाही.”

“सात ताश दे, जिपार!”

सात गोटे टेबलावर आले.

“त्यातले तीन ताश मला. किती उरले?”

“चार ताश.”

तपासनीसनं पेन खाली ठेवलं. “राहू द्या हिला इथेच,” ती म्हणाली.

बाईंचे डोळे भरून आले, पण त्या थांबल्या नाहीत. “जिपार, आता नऊ ताश.”