गोळी विरघळेपर्यंत

आंतोन काका गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी त्याच्याच आवाजात बोलत होतो. मनवेलपाड्यात एका सोसायटीच्या पूजेला माझा मिमिक्रीचा प्रोग्राम होता. शाळेतले सर, एसटीचा कंडक्टर सगळे करून झाले होते, आणि "आधी गोळी, मग बोलणं!" या काकाच्या हुकमी वाक्यावर लोक खो-खो हसत होते... तेवढ्यात कोणीतरी येऊन माझ्या कानात सांगितलं.

काका म्हणजे पप्पांचा मोठा भाऊ. निर्मळला आमची केळीची वाडी तोच बघायचा. त्याच्या सायकलच्या पिशवीत लिंबाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा असायचाच. कोणी भांडण घेऊन आलं की काका एक गोळी तोंडात टाकायचा आणि ती विरघळेपर्यंत नुसता ऐकायचा. समोरचा बोलून बोलून दमायचा आणि शेवटी स्वतःच म्हणायचा, "जाऊ दे आंतोन, माझंच जरा चुकलं." काकाची गोळी अजून अर्धी शिल्लक!

संध्याकाळी घरी माळ घेऊन रोझरीची प्रार्थना व्हायची, तिथेही तेच. मी नमो मरिया असा सुसाट म्हणायचो, जसं काय मागे कुत्रं लागलंय. टीव्ही लावायची घाई! पण रोझरी संपली की काका सगळ्यांना एकेक गोळी वाटायचा. "एवढा वेळ आपण बोललो. आता त्याला बोलू दे."

"काका, आपली गोळी संपली आणि तो बोललाच नाही तर?" मी एकदा विचारलं. मम्मीने डोळे वटारले.

"त्याच्या तोंडात पण गोळी आहे, विल्या. आणि लय मोठी आहे. बघ ना, आपलं सगळ्यांचं किती ऐकून घेतो!"

बारावीनंतर मी ऑर्केस्ट्रात जायचं म्हटलं. पप्पा भडकले, आणि मी शहाणा, भर पाहुण्यांत त्यांचीच नक्कल करून दाखवली: "नकलांनी पोट भरणार काय तुझं?" पाहुणे हसले. पप्पा उठून गेले. त्यानंतर चार महिने एका घरात राहून आम्ही बोललो नाही. "त्याला सांग, नळ बंद कर." "त्यांना सांग, केला." मध्ये बिचारी मम्मी.

मग एका रविवारी चर्चमधून, मिस्साहून येताना काका थेट आमच्या ओट्यावर आला. आम्हाला समोरासमोर बसवलं, हातात एकेक गोळी दिली. "विरघळली की बोला."

माझं भाषण तयारच होतं. मी गोळी चावली. कडक!

काकाने वरसुद्धा बघितलं नाही. "दुसरी घे."

दुसरी पण चावली.

"तिसरी घे. डबा भरलेला आहे."

तिसरी चोखताना, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, मी पप्पांकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. गाल फुगलेला, नजर चपलांवर... माझं भाषण गोळीबरोबर विरघळत गेलं. त्यांची आधी संपली. आता हल्ला होणार म्हणून मी अंग चोरलं.

"आवाज बरोबर काढलास त्या दिवशी," पप्पा हळूच म्हणाले. "पण मी खरंच एवढा ओरडतो का रे?"

माझ्या तोंडात गोळी. मी नुसती मान हलवली, हो म्हणून. आधी काका हसला, मग पप्पा. ऑर्केस्ट्राच्या पहिल्या प्रोग्रामला दोघं पुढच्या रांगेत होते.

परवा काका जाऊन महिना झाला, त्या मिस्सानंतर आम्ही त्याच्या घरी रोझरीला बसलो. "विल्या, काढ ना रे त्यांचा आवाज," काकी म्हणाली. मला जमेना. पप्पांनीच घरातल्या देवाच्या अल्ताराजवळचा डबा काढला, सगळ्यांना गोळ्या वाटल्या, आणि आम्ही डोळे मिटले. केळीची पानं फडफडत होती. काकीची माळ हळूहळू सरकत होती. कधी नव्हे ते सगळं ऐकू येत होतं. माझी गोळी विरघळली, अख्खी, न चावता... आणि त्याच शांततेत पप्पांच्या तोंडातून आवाज आला. कडक!

मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "दुसरी घे," काकाचा आवाज आपोआप आला.

काकी खुदकन हसली. आणि पप्पांनी, मोठ्या भावाने सांगितल्यासारखी, निमूट दुसरी घेतली.