फाटकाबाहेरची हजेरी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही कच्चं, तेवढं सांभाळून घ्यावं.

आज नातीच्या शाळेत पालकसभा होती. शेजारची सविता फाटकाबाहेर उभी दिसली, ठेवणीतली साडी नेसून. ही माणसं बिहारहून कापडाच्या मागावर कामाला आलेली. तिची मुलगी नातीच्याच वर्गात आहे. मागच्या सभेत बाई म्हणाल्या होत्या, "हिच्या घरचं कुणी येतच नाही. पोरीची काळजीच नाही."

"आत चल की गं," मी म्हटलं.

"नको काकी. आमच्या गावात आईबाप शाळेत जातात ते भांडायलाच. बाईंना वाटेल, मी तक्रार घेऊन आली."

"मग इथं कशाला उभी?"

"दर वेळी येते ना. इथूनच बघते."

मला माझी आई आठवली. तीही शाळेच्या पायरीपाशी येऊन, पदर सारखा करून मागं फिरायची. अशा किती आया बाहेर उन्हात उभ्या राहिल्या असतील आणि आत त्यांची गैरहजेरी लागली असेल!

मला चारचौघांत बोलवत नाही. तरी तिचा हात धरून आत गेले. "बाई, ही दर सभेला येते, पण बाहेरच थांबते," एवढंच कसंबसं बोलले.

बाईंनी खुर्ची पुढे केली. सविता खुर्चीवर बसेना, तेव्हा त्याच तिला घेऊन मुलांच्या बाकावर बसल्या. "विचारा, काय विचारायचंय?"

सविता बाकाच्या कडेवरूनच हळूच म्हणाली, "वर्गात बोलते का माझी पोरगी?"

"अहो, गप्प कुठं बसते!"

सविता हसली आणि बाकावर नीट टेकून बसली.