गोळीची वेळ
घड्याळं तासभर पुढे करायचा रविवार आला, की मला व्हिएन्नाच्या विमानतळावरून शहरात जाणारी ती ट्रेन आठवते. तिथे राहणाऱ्या धाकट्या बहिणीला दिवस भरायच्या आतच हॉस्पिटलात नेलं होतं, म्हणून न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थमध्ये माझ्याकडे राहायला आलेली आई आणि मी तातडीने निघालो होतो. डब्यात ओल्या कोटांचा वास, बहीण फोन उचलत नव्हती आणि मी दर स्टेशनाला उठून नकाशा बघत होते. तेवढ्यात आई म्हणाली, “दीड वाजला. यांची गोळी राहिली असेल, फोन लाव.” तिचं घड्याळ माझ्याकडेही पुण्याच्याच वेळेवर असायचं. “आई, इथे नऊ वाजलेत! आता तरी बदल ते,” मी खेकसले. तिने स्वेटरची बाही घड्याळावर ओढली. “तुला तिची एकटीचीच काळजी आहे, मला दोघांची.” मी पुण्याला फोन लावला. बाबा म्हणाले, “घेतली गोळी. आणि मुलगी झाली, दोघी छान आहेत! तुम्ही अजून पोचला नाहीत?” काल घरातली सगळी घड्याळं मी पुढे केली, मनगटावरचं, पुण्याच्या वेळेचं सोडून. आई आता पुण्यात एकटी असते, आणि गोळी तीही विसरते.