सुटे आवाज

आश्विनातला रविवार, सकाळची वेळ. घरात हजर: मी, आमचे हे आणि गॅसवरचा कुकर. गॅलरीचं दार उघडलं आणि समोरच्या खाचरातून पिकत आलेल्या इंद्रायणी भाताचा वास आत आला. तळेगावात आता अशी खाचरं थोडीच उरली. समोरच्या तुकड्यालाही पत्र्याचं कुंपण घालून झालंय, पण यंदाचं भात कुणीतरी लावलंच. वर्षातून चार दिवस येणारा हा वास मला गेल्या वर्षीच्या आश्विनात नेऊन सोडतो. तेव्हा या घरात आणखी एक माणूस हजर असायचं. सहा वर्षांचं, दोन घट्ट वेण्यांचं. माझ्या भावाची मुलगी.

भाऊ परंदवडीला राहतो. मुलीला मीच मागून आणलं होतं, इथल्या इंग्रजी शाळेसाठी. गावातली झाडं, पाखरं, एकेका म्हशीचा स्वभाव तिला पाठ होता. इंग्रजी मात्र कानावरून कधी गेलं नव्हतं. गणपती उठल्यावर बालवर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. दिवाळीपर्यंत छोटे शब्द वाचू लागली नाही, तर तिला पहिलीत पाठवता येणार नाही म्हणाल्या. घरी फोनिक्स घ्या. म्हणजे अक्षराचं नाव नाही, त्याचा आवाज शिकवायचा आणि आवाजाला आवाज जोडत शब्दापर्यंत जायचं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. प्रत्येक वस्तूला कप्पा ठरवून दिला की जग सुरळीत चालतं, अशी माझी श्रद्धा. त्याच संध्याकाळी मी पुठ्ठ्याची कार्डं कापली आणि फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं.

आवाज तिला भराभर आले. ‘स्स्स्’ करत ती घरभर फिरायची आणि हे वर्तमानपत्रामागून ओरडायचे, “अगं, घरात नाग सोडलाय की काय!” जोडणं मात्र काही केल्या होईना. मांजराच्या चित्राखालच्या अक्षरांवर बोट ठेवत ती म्हणायची, “क्... ॲ... ट्...” आणि मग विजयी मुद्रेनं, “मांजर!” मी चित्रावर हात ठेवला. “आता वाच.” पुन्हा तेच तीन आवाज आणि पुढे शांतता. “झाकलंस कशाला, आत्या? मांजरच हाय की तितं.”

हसले मी, पण ते पहिल्या आठवड्यात. पुढे पुढे त्या शांततेची मला धास्ती बसू लागली. सुटे आवाज तोंडातून निघायचे आणि मणी घरंगळावेत तसे फरशीवर चहूकडे जायचे. दोरा म्हणून काही नव्हतंच. मी वेळ वाढवली, वेळ कमी केली, वाळूत बोट फिरवलं, टाळ्या वाजवल्या, रागावले, जवळ घेतलं. कशाचाही उपयोग होत नव्हता आणि दिवाळी जवळ येत होती. याहून वाईट म्हणजे मुलगी बोलेनाशी झाली. आधी ती म्हशीनं कुणाला कसं ढकललं हे साभिनय सांगायची. आता काही सांगण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायची, या शब्दाचेही तुकडे करायला लावते की काय म्हणून. स्टोअरमध्ये माल मोजताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आणलेलं मूल मी रोज थोडं थोडं मिटवत होते.

नवरात्रात सोसायटीच्या आवारात भोंडला झाला. पाटावर हत्ती, भोवती फेर, गाणी आणि शेवटी खिरापत. डब्यात काय खाऊ आहे ते न उघडता ओळखायचं, अशी रीत. त्या दिवशीचा डबा माझा होता. मुलींनी तो कानाशी धरून खळाखळा हलवला. “चिवडा!” “शंकरपाळे!” “काकू, काहीतरी खूण द्या ना!” आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “भ्... ए... ळ्...”

मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. फेराच्या कडेवरून खणखणीत आवाज आला, “भ्येळ!”

उच्चारावर मोठ्या मुली खिदळल्या. तिला त्याचं काही नव्हतं. ओळखणारीला पहिली मूठ मिळते; ती घेऊन ती माझ्याकडे पळत आली. “आत्या, मला आपसूक ऐकू आलं!” मी तिला उचलून घेतलं. तो दोरा मला स्पष्ट दिसला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं पेन वाचलं. बस वाचली. कप वाचला. मग कोंबडीचं इंग्रजी नाव आलं. “ह्... ए... न्...” आणि ती थांबली. तेव्हा उमगलं. भेळ काय, पेन काय, त्या शब्दांच्या घरात तिच्या ओळखीचं कुणीतरी राहत होतं. कडी वाजवली की आतून ‘ओ’ यायची. या नव्या शब्दांची दारं ती तितक्याच जोरानं वाजवत होती, पण आत कुणी नव्हतं. आधी माणसं वसवायला हवी होती. त्याला वर्ष लागलं असतं, आणि हाती उरली होती दिवाळी.

बाईंनी परीक्षा घेतली. पेन, बस, कप. पुढे काही नाही. सुट्टी लागली तसा भाऊ मोटारसायकलवरून न्यायला आला. मी बरंच बोलले. तो चहा संपेपर्यंत ऐकत होता.

“आक्का, तू लय केलंस. पर पोरगी बोलायची थांबलीय, तुला दिसत न्हाई व्हय?”

“दिसतंय रे.”

“गावच्या शाळंत पैलीत घेत्यात. ऱ्हाऊ दे तितं.”

पिशवी भरताना कार्डं घालावीत की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी नाही घातली. मोटारसायकल सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली आणि मागे बसल्या बसल्या ती बापाच्या पाठीशी काहीतरी मोठमोठ्यानं सांगू लागली. कितीतरी आठवड्यांनी तिचा आवाज मी असा सलग ऐकला.

त्याला वर्ष होत आलं. दर रविवारी मी फोन करते. पाऊस, म्हैस, मैत्रिणींची भांडणं, ती सगळं सांगते, मध्ये श्वासही घेत नाही. भेटीला जाते तेव्हा तिचं दप्तर खुंटीला असतं. मी त्याला हात लावत नाही. हाती घेतलेली कामं संपवण्याची मला सवय आहे, पण एक प्रश्न अजून विचारलेला नाही: वाचता येतं का गं आता? हो म्हणाली तर ते माझ्याविना झालं असेल, आणि नाही म्हणाली तर माझ्यामुळे. दोन्ही उत्तरं ऐकण्याइतकं मोठं व्हायला तिच्यापेक्षा मलाच जास्त वेळ लागतोय.

कुकरची शिट्टी झाली. जेवण झालं की फोन करायचा आहे. विचारायचं आहे.