पंधरा आकड्यांचा शेरू

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भेळेखाली जाते. जी छापता येत नाही, ती मात्र डोक्यात साचत राहते. तीस वर्षं नगर जिल्ह्यात बातमीदारी केल्यावर माझ्याकडे अशा मालाचं गोदाम झालंय. त्यातला एक अख्खा कोपरा डॉ. लगड यांच्या जनावरांच्या दवाखान्याचा! मी रोज सकाळचा चहा तिथेच घेतो. पुढाऱ्यांपेक्षा तिथले पेशंट बरे. चावायच्या आधी गुरगुरतात तरी!

अलीकडचे बहुतेक किस्से चिपचे आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. सुईनं कुत्र्या-मांजराच्या मानेमागे कातडीखाली बसवायची. तिच्यात फक्त पंधरा आकडे. वरून स्कॅनर फिरवला की तो ‘पीं’ करतो आणि आकडे दाखवतो. नोंदणीच्या यादीत त्या आकड्यांपुढे मालकाचं नाव आणि फोन. गळ्यातला पट्टा कुणीही काढेल, चिप कोण काढणार? इतकं सोपं आहे. पण सोपी गोष्ट पहिल्या दमात पटली, तर ते आपले लोक कसले!

या किश्शांच्या मधून देशपांडे बाई ये-जा करत असतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा तपकिरी लॅब्रेडॉर शेरू फाटकातून गेला तो गेलाच. रोज दहाच्या ठोक्याला बाई दवाखान्याच्या दारात. “डॉक्टर, कुठून फोन?”

“नाही, बाई.”

“बरं. उद्या येते.”

*

पहिला गुन्हा आमच्याच पेपरचा. मी चिपवर चांगली अभ्यासून बातमी दिली. डेस्कवरच्या शहाण्यानं मथळा ठोकला, ‘आता तुमचा कुत्रा दिसणार मोबाईलवर!’

झालं! दुसऱ्याच दिवशी जामखेडहून एक गृहस्थ मोबाईल पुढे करून हजर. “डॉक्टर, चिप बसवून सहा महिने झाले. आता दाखवा, कुठं हाय आमचा टिप्या?”

“अहो, ती चिप आहे, गुप्तहेर नाही! तिला बॅटरीसुद्धा नसते. कुत्रा सापडल्यावर तो कुणाचा, एवढंच ती सांगते.”

“म्हंजे आधी आमीच हुडकायचा?”

“हो. आहे कुठे तो?”

“भाईर गाडीत बसलाय. म्हनलं, मोबाईलवर दिसतो का बघावं!”

मी ऑफिसात जाऊन टेबल बडवलं. खुलासा छापून आला. क्रिकेटच्या पानावर, चार ओळी!

*

सोनईचे एक शेतकरी कुत्रं घेऊन आले. सोबत मेहुणा. चिप म्हटल्यावर म्हणाले, “कशाला येवढा खटाटोप? म्हशीच्या कानात मारत्यात तसा पिवळा बिल्ला मारा की.”

“बिल्ला कापून काढता येतो, दादा. चिप आत असते. दिसत नाही, काढता येत नाही.”

शेतकऱ्यांनी एकदा मेहुण्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, “आसं हाय व्हय? मग दोन्ही म्हशींलाबी आतूनच बसवा.”

मेहुणा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं!

*

सावेडीतल्या एका कॉलनीतून तीन घरची तीन मांजरं डॉक्टरांकडे यायची. मनी, राणी आणि चिंगी. तिघीही पांढऱ्या, तिघींच्या शेपटीला काळं टोक आणि तिघीही पिंपासारख्या. डॉक्टर तिन्ही घरांना बजावायचे, “हिला कमी खायला घाला.” आणि तिन्ही घरं शपथेवर सांगायची, “डॉक्टर, आम्ही दिवसातून एकदाच घालतो हो!”

मनीला चिप बसली. पुढच्या आठवड्यात राणीला आणलं. नियमाप्रमाणे आधी स्कॅनर फिरवला. पीं! त्यानंतर चिंगी आली. पीं!

तिन्ही घरं खरं बोलत होती!

*

शेवगावच्या एका आडत्याचा कुत्रा कांद्याच्या टेम्पोत चढून नगरला आला. डॉक्टरांनी स्कॅनर फिरवला, यादीतून फोन काढला, लावला. पलीकडून कुणी बाई कडाडल्या, “माझा कुत्रा माझ्या पायाशी बसलाय. लोकांना कसले कसले फोन करता!”

शेवटी टेम्पोवाल्याला विचारत विचारत मालक सापडला. तो उलट डॉक्टरांवरच चढला. “काय उपेग तुमच्या चिपचा?”

“तुम्ही मोबाईल नंबर बदलला होतात का?”

“लई दिवस झाले.”

“यादीत कळवलंत?”

“ते ऱ्हायलं.”

“मग कुत्र्याला शाबासकी द्या. त्यानं त्याचा नंबर अजून बदललेला नाही!”

*

आता माझं डोकं फिरवणारा किस्सा. एका गावच्या कार्यालयात (नाव घेत नाही, पुन्हा नोटीस नको) मी विचारलं, “भटकी कुत्री पकडता, तेव्हा चिप तपासता का?”

“स्कॅनर आहे आमच्याकडे,” साहेब अभिमानानं म्हणाले.

“दाखवा.”

कपाट उघडलं. आत खोकं, खोक्यात डबा, डब्यात प्लास्टिक. स्कॅनर नव्या नवरीसारखा गुंडाळलेला.

“अहो, हा वापरलाच नाही!”

“वापरला की खराब होतो ना!”

मी बातमी दिली. परिणाम झाला. कपाटाला दुसरं कुलूप आलं!

*

आणि एके दिवशी देशपांडे बाईंच्या “कुठून फोन?” या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, “आलाय!”

शेवगावकडचे एक पुढारी, गावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात, आपला ‘सुलतान’ लस टोचायला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्या भल्या माणसानं सवयीनं स्कॅनर फिरवला. पीं! यादीत पाहिलं, तर आकडे शेरूचे! चिप बसवणाऱ्या आमच्या डॉक्टरांना त्यानं लगेच फोन लावला. भाऊसाहेब म्हणाले, “आमचंच कुत्रं हाय, पिल्लू असल्यापासनं.” प्रकरण पोलीस स्टेशनात गेलं. डॉ. लगड, बाई आणि मी गाडी काढून तिथे पोचलो.

शेरू दिसताच बाईंनी पदर डोळ्यांना लावला. भाऊसाहेबांनी मिशीला हात लावला.

ठाण्याचे साहेब म्हणाले, “दोघंही हाका मारा. जाईल त्याचं कुत्रं.”

“शेरू!”

“सुलतान!”

शेरू उठला आणि सरळ हवालदाराकडे गेला. हवालदाराच्या हातात पार्लेची बिस्किटं होती.

डॉक्टरांनी दवाखान्यातली चिपच्या नोंदींची वही पुढे केली. भाऊसाहेब हसले. “वही तुमची, बाई तुमच्या, पेपरवाला तुमचा. काय बी लिव्हाल!”

मी उसळलो. डॉक्टरांनी मला खाली बसवलं.

साहेबांनी विचार केला. “यादीत मालकाचा फोन आहे ना? लावा. स्पीकरवर. ज्याच्याजवळ वाजेल, त्याचं कुत्रं.”

बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “अहो, फोन घरी आहे!”

“घरी?”

“कुणाला शेरू सापडला, त्यानं फोन केला आणि मला रस्त्यावर ऐकूच आला नाही तर? म्हणून मी तो बाहेर नेतच नाही. नानांना त्याच्यापाशी बसवून येते.”

नाना म्हणजे बाईंचे यजमान. घरात कुत्रं नको म्हणून ते पूर्वी चार दिवस जेवले नव्हते. चिप बसवली तेव्हा म्हणाले होते, “त्याला पंधरा आकडे! मला या घरात एक तरी नंबर आहे का?”

रिंग गेली. बाईंच्या पिशवीत सामसूम. भाऊसाहेबांच्या खिशात सामसूम.

“बघा!” भाऊसाहेबांनी मांडीवर थाप मारली. “कुनाचाच वाजंना!”

तेवढ्यात फोन उचलला गेला.

“हॅलो! कोण असाल ते लवकर बोला आणि ठेवा. हा फोन कुत्र्यासाठी मोकळा ठेवायचाय!”

साहेब सावरून बसले. “आपण कोण बोलताय?”

“शेरूच्या घरून बोलतोय.”

“घरात बाई आहेत?”

“नाहीत. शेवगावला पोलिसांत गेल्यात. कुणी तरी चोर...”

पुढचं ऐकू आलं नाही. शेरूनं बिस्किट टाकलं, दोन्ही पाय साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि फोनवर तोंड नेऊन असा भुंकला की कागद उडाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“साहेब,” नाना म्हणाले, “बाईंना एसटीनं पाठवलं तरी चालेल. त्याला मात्र गाडीतूनच पाठवा. खिडकीपाशी बसवा!”